भादव्यातला इसार

आमच्या अंगणात संत्र्याचं एकच झाड आहे आणि त्याच्या निम्म्या फांद्या न्हाणीच्या पत्र्यावर आलेल्या आहेत. भाद्रपद लागला की हे झाड हिरवी फळं टाकू लागतं. दुपारी गल्लीत सामसूम असते, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते आणि मध्येच पत्र्यावर टणकन आवाज येतो. फळ उतारावरून घरंगळतं, पन्हाळीत अडतं किंवा खाली फरशीवर पडतं. मी हातातलं काम टाकून बघायला जाते. एका झाडाची फळं ती किती आणि त्यांची काळजी ती काय, असं हे म्हणतात. ह्यांचं बरोबर आहे. पण तीनशे झाडांच्या बागेत जिचं लहानपण गेलं, तिचे कान भादव्यात जागेवर राहत नाहीत.

यंदा कान पत्र्याकडे होते आणि डोळे मोबाईलकडे. मोबाईलवर एका कंपनीच्या शेअरचा भाव हिरव्या अक्षरांत वर चढत होता, आणि तो जसजसा चढत होता तसतसं माझं नुकसान वाढत होतं. माझ्याजवळ त्या कंपनीचा एकही शेअर नव्हता. जे आपल्याजवळ नाही त्याचा भाव वाढल्याने आपलं नुकसान कसं होतं, हे मी एकतीस वर्षं गणित शिकवूनही स्वतःला समजावून सांगू शकत नव्हते.

हो, मी गणिताची शिक्षिका. जळगाव जामोदला एका विनाअनुदानित शाळेत जन्म काढला, त्यामुळे निवृत्तीनंतर हारतुरे मिळाले आणि पेन्शन मिळालं नाही. हे एसटीत कंडक्टर होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या खडबडीत रस्त्यांवर उभ्याने तिकिटं फाडून ह्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दिवाळी झाली की अकोल्याला जाऊन दोन्ही बदलून घ्यायचं ठरलं होतं. त्यासाठी बँकेत दोन ठेवी होत्या. त्यांना आमच्या घरात गुडघ्याचे पैसे म्हणायची रीत पडली होती. गॅस संपला, पाहुणे आले, लग्नाचा आहेर निघाला, तरी गुडघ्याच्या पैशांना हात लावायचा नाही असं मीच ठरवलेलं.

मग मला क्लासला जायची बुद्धी झाली. बसस्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानाच्या वर प्रशांत शेअर बाजाराचा क्लास घेतो. सातवीत अपूर्णांकांवरून त्याने माझा बराच मार खाल्लेला आहे. एकदा बाजारात भेटला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही आमच्यासारख्यायले शिकवलं, तुमच्यासाठी तर हे डाव्या हातचं काम आहे. स्तुती ऐकून माणूस कुठे कुठे जातो. मी त्या अरुंद जिन्यावरून वर गेले. वर खताच्या पोत्यांचा वास, एक पंखा, एक पांढरा फळा, आणि बाकांवर माझ्या निम्म्या वयाची मंडळी. आयुष्यात पहिल्यांदा मी फळ्याच्या चुकीच्या बाजूला बसले होते आणि तिथून सगळंच उलटं दिसत होतं.

प्रशांत म्हणायचा, ऑप्शन म्हणजे हक्क. ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. हक्क आहे, पण घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. त्या हक्कासाठी आधी थोडे पैसे द्यायचे, ते परत मिळत नाहीत. मी वहीत लिहून घेतलं आणि मला काही कळलं नाही. हक्क कसा विकत घेतात? मुदत संपली की हक्क जातो कुठे? दोन दिवस मी त्याच वाक्याभोवती फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी तो ‘परत मिळत नाहीत’ हे पुन्हा म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणजे इसार.’

सगळा क्लास मागे वळून बघायला लागला. प्रशांतने फळ्यावर मोठ्या अक्षरांत इसार असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पुढच्या तुकडीला तो हा शब्द स्वतःचा म्हणून सांगतो असं मी ऐकलं. सांगू दे.

इसार मला माहीत होता. आमच्या बागेत भादव्यात हनीफचाचा यायचे. हनीफचाचा म्हणजे जळगाव जामोदच्या बाजारातले फळांचे व्यापारी. पांढरा कुडता, पायांत चिखलाने जड झालेल्या चपला. बोलता बोलता ते एखादं हिरवं फळ तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने देठाजवळ दाबायचे, पायाशी पडलेलं फळ चिरून हुंगायचे. कच्च्या संत्र्याच्या सालीचा तो तुरट, नाकात चढणारा वास मला आजही येतो. एका एका ओळीतून ते आणि बाबा फिरायचे, मधल्या गवतातून त्यांच्या धोतर-पायजम्याची टोकं भिजायची. मग विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर बसून भाव ठरायचा. फळ अजून हिरवं, उतरायला दिवाळी उजाडणार, पण हजार फळांमागे काय द्यायचं ते भादव्यातच पक्कं. आणि चाचा खिशातून इसार काढून बाबांच्या हातावर ठेवायचे. दिवाळीपर्यंत बाग राहिली तर ठरलेल्या भावाने चाचा माल उचलणार. फळ गळून गेलं किंवा बाजार पडला तर चाचा येणार नाहीत, इसार आमचा. त्यात कुणी रागावत नसे.

त्या दिवशी आमच्याकडे सण असे. आई इसाराची नोट देवापुढे ठेवून तिच्यावर हळदीचं बोट लावायची आणि आम्हाला गूळ-खोबरं मिळायचं. एका वर्षी फळ जवळजवळ सगळं गळलं. झाडाखाली हिरवा सडा आणि त्यावर माश्या. चाचा आले, बागेत जाऊन परत आले, चहा प्याले, यंदा नाही भाऊ म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. इसार आमच्याकडेच राहिला. मी तेव्हा लहान होते. मला वाटलं, किती चांगला सौदा आहे हा. काहीही झालं तरी आपल्या हातात काहीतरी राहतंच.

हे वाटणं माझ्या डोक्यात पन्नास वर्षं तसंच पडून राहिलं असावं.

क्लासमध्ये पुढे दुसरा प्रकार आला, विकण्याचा हक्क. म्हणजे भाव पडला तरी ठरलेल्या भावाने माल समोरच्याच्या गळ्यात घालायचा, आणि त्यासाठी विकणाऱ्याने आधी पैसे द्यायचे. इथे माझं पुन्हा अडलं. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला इसार द्यायचा, अशी रीत मी कुठे पाहिली नव्हती. प्रशांतने चार वेळा सांगितलं, मी चार वेळा मान हलवली. शाळेत पोरं अशी मान हलवायची तेव्हा मला बरोबर कळायचं.

मग त्याने पहिल्या प्रकाराची, घेण्याच्या हक्काची आकृती काढली. हक्क घेणाऱ्याची रेघ आधी थोडी शून्याच्या खाली सपाट, मग वर वर जाणारी. हक्क विकणाऱ्याची रेघ आधी थोडी शून्याच्या वर सपाट, मग खाली. ती खाली खाली जात फळ्याच्या चौकटीला टेकली आणि तिथे थांबली, कारण फळा संपला होता. मी वहीत तशीच काढली. वहीचं पान संपलं तिथे माझीही रेघ थांबली. विद्यार्थ्यांना मी रेषा आणि रेषाखंड यांतला फरक किती वेळा समजावला असेल. बाण काढायला विसरले तर गुण कापायची मी.

प्रशांतने बजावलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. नव्या माणसाने आधी हक्क घ्यायला शिकावं, विकायच्या भानगडीत पडू नये. मोबाईलवरही दर वेळी पाटी यायची की यात बहुतेकांचे पैसे जातात, आणि खाली ठीक आहे असं बटण. मी ठीक आहे दाबायचे. आपल्याच विद्यार्थ्याने दिलेली सूचना आपल्याला लागू असते, हे शिक्षकांना पटत नाही. शिवाय तोच एकदा बोलून गेला होता की वेळ नेहमी विकणाऱ्याच्या बाजूनं राह्यते, दिवस गेले की इसार त्याच्या खिशात पिकत जाते. हे मात्र मला लगेच पटलं. आमच्या घरात कुणी कधी इसार दिला नव्हता. आम्ही घेणारे होतो.

म्हणून मी इसार घेतला. आमच्या जुन्या विहिरीत ज्या कंपनीची मोटर होती तीच कंपनी निवडली, ओळखीची म्हणून. शेअर नऊशेच्या आसपास होता. महिनाअखेरपर्यंत तो हजार रुपयांना घेण्याचा हक्क मी कुणा अनोळखी माणसाला विकला. एक हजार शेअरचा. शेअरमागे बारा रुपये त्याच दिवशी खात्यात आले. त्यासाठी तारण लागतं, ते मी गुडघ्याच्या पैशांतली एक ठेव मोडून ठेवलं. पैसे कुठे जात नाहीत, नुसते ठेवायचे आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. ह्यांना सांगितलं नाही. दुपारी शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय? मी म्हटलं, सहज.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग कंपनीला कसलंतरी मोठं काम मिळालं आणि शेअर उठला. साडेनऊशे, हजार, एक हजार ऐंशी. तारण वाढवा असा निरोप आला. मी दुसरी ठेव मोडली. आता दोन्ही गुडघे त्या मोबाईलमध्ये होते. हे अंगणात खुर्ची टाकून बसायचे, उठताना दोन्ही हात टेकवायचे, दिवाळीनंतर बघ कसा पळतो म्हणायचे. मी हसायचे आणि आत जाऊन भाव बघायचे.

प्रशांतकडे गेले. त्याने मोबाईल हातात घेतला आणि आकडे खालीवर सरकवून बघितले. मग विचारलं, ‘मॅडम, शेअर आहेत का तुमच्यापाशी?’

मी नाही म्हटलं.

‘मंग झाडं नसताना बहार विकला तुम्ही.’

मुदतीच्या दिवशी समोरचा हजार रुपयांना हजार शेअर मागणार. ते मला बाजारातून घेऊन द्यावे लागणार, कितीलाही मिळोत. नाहीतर आजच सौदा परत विकत घ्यायचा, जो भाव चालू असेल त्याने. तोही भाव बारा रुपयांवरून शंभराच्या पुढे गेला होता. उद्या उतरेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मले माहीत असतं तर मी हा क्लास कायले घेतला असता. पहिल्यांदाच मला तो हुशार वाटला.

घरी येताना मला ते वर्ष आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कधी विसरलेच नव्हते.

मी बारावीला होते. त्या भादव्यात पाऊस थांबतच नव्हता. बाबांनी नेहमीसारखा हनीफचाचांकडून इसार घेतला. ठरलेल्या भावात विहीर आणखी खोल करायचा खर्च निघणार होता, आणि माझं अमरावतीचं कॉलेज पुढच्या बहाराला बघू असं ठरलं होतं. मग आसपासच्या बागा गळायला लागल्या. मुळांशी पाणी साचून झाडं पिवळी पडली. आमची बाग उताराला, पाणी थांबायचं नाही, आमचं फळ टिकलं. दसऱ्यापर्यंत भाव दुप्पट झाला. बाहेरगावचा एक व्यापारी जीप घेऊन बांधावर आला. म्हणाला, इसाराच्या दुप्पट मी देतो, त्याच्या हातावर ठेवा आणि मोकळे व्हा. बाग माझी. मी ओसरीच्या खांबाला धरून ऐकत होते आणि मनातल्या मनात अमरावतीच्या होस्टेलात माझी पेटी लावत होते.

बाबांनी त्याला पाणी दिलं, पान दिलं आणि जायला सांगितलं. दिवाळीत चाचांनी जुन्या भावाने बाग उतरवली. पेट्या भरताना साऱ्या गावाला वास सुटला होता आणि मी घरातून बाहेर आले नाही. बाबा दारात येऊन म्हणाले, ‘एक वरीस थांब पोरी. एका वर्षानं काय होते.’

मी थांबले. बरोबरच्या दोघी पुढे गेल्या. पुढच्या वर्षी अमरावतीला गेले तेव्हा त्या वर्षभर पुढे असूनही मला ताई म्हणायला लावत नव्हत्या, पण पुस्तकं मला त्यांची जुनी घ्यावी लागली. एवढीशी गोष्ट, पण डाचली. बाबा गेले, बाग भावाने विकली, तिथे आता मंगल कार्यालय आहे. माझा राग तसाच राहिला. दुप्पट भाव हातात असताना माणूस नाही कसा म्हणतो, हे गणित मला सुटलं नव्हतं.

मी हनीफचाचांकडे गेले. ते आता फार म्हातारे झालेत, दुकान मुलं बघतात, ते गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसून हातात मोसंबी फिरवत असतात. कशाला गेले ते सांगायला लाज वाटते. घेतलेला इसार परत दिला तर सौदा मोडतो का, हे मला विचारायचं होतं. जणू मोबाईलमधला तो अनोळखी माणूस त्यांच्या ओळखीचा होता. पण त्यांच्यासमोर बसल्यावर मी ते वर्ष काढलं. विचारलं, बाबांनी तेव्हा असं काऊन केलं?

चाचांनी मोसंबी मांडीवर ठेवली. म्हणाले, भाव दुप्पट झाला तेव्हा मीच त्याच्याकडे गेलो होतो. मला झोप लागेना. वरून काही घ्या म्हटलं, तुम्ही तोट्यात, मी फायद्यात, चांगलं दिसत नाही.

‘तर तुह्या बापानं काय म्हटलं मालूम हाय? म्हणे, हनीफ, वाढ म्या तुले भादव्यातच विकली. इसार कायचा घेतला म्या? त्या वाढीचाच घेतला. आता तेच पुन्हा कसं विकू?’

दीड महिना फळ्यासमोर बसून जे कळलं नव्हतं ते एवढंच होतं. इसार हा मोफत मिळालेला पैसा नव्हता. पुढे जे काही चांगलं होईल ते आधीच देऊन टाकल्याची ती किंमत होती. देणारा मोकळा असतो, घेणारा बांधलेला. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेले होते.

चाचा पुढे म्हणाले, ‘म्या त्याले म्हटलं, बेटीच्या कालेजासाठी तरी घ्या. तो लय वेळ बोलला नाही. मंग म्हणे, तिले मी सांगतो.’

तिले मी सांगतो. आणि दारात येऊन तेवढं एक वाक्य सांगितलं. ‘लय वेळ बोलला नाही’ याचं काय करायचं ते मला कळत नाही. त्या वेळात बाबांच्या मनात काय चाललं असेल? होस्टेलची पेटी त्यांनाही दिसली असेल का? इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी माझा विचारच केला नाही. विचार करून नाही म्हटलं, हे जास्त बरं की जास्त वाईट, तेही मला ठरवता येत नाही.

दुकानातच बसून मी सौदा परत विकत घेतला. शेअर साडेअकराशेच्या पुढे होता. बटण दाबलं, आकडा लाल झाला आणि थांबला. चाचांना वाटलं मी कुणाला फोन करते आहे. निघताना त्यांनी चार मोसंब्या पिशवीत घातल्या. पैसे घेतले नाहीत.

घरी हे अंगणात होते. समोर बसून मी सगळं सांगितलं. क्लास, इसार, दोन्ही ठेवी. ह्यांनी शेवटी फक्त किती म्हणून विचारलं. मी आकडा सांगितला. तीस वर्षं सुटे पैसे देणाऱ्या माणसाला हिशोबाला वेळ लागत नाही. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले, एकदा उजव्याकडे, एकदा डाव्याकडे.

‘उजवा यंदा करू,’ ते म्हणाले. ‘डावा थांबन एक वरीस. एका वर्षानं काय होते.’

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बाबांना नीट पाहिलंही नव्हतं, आमच्या लग्नानंतर ते थोडेच दिवस होते. ते वाक्य ह्यांना कुणी सांगितलेलं नाही. मला रडू आलं आणि ह्यांना वाटलं पैशांसाठी आलं. इसार बाबांनी घेतला आणि थांबले मी. इसार मी घेतला आणि आता थांबणार हे. बाबांकडे निदान झाडं होती.

पत्र्यावर टणकन आवाज झाला. हिरवं संत्रं घरंगळत खाली आलं आणि ह्यांच्या पायाजवळ थांबलं. ह्यांनी ते उचलायला हात पुढे केला, अर्ध्यावर थांबले आणि खुर्चीचा दांडा धरला. मी उठून ते उचललं.